चारशे बारा खुणा

किल्लीवाल्या काकांना शाळेत येऊ नका असं कळवलं गेलं, त्या दिवशी आमच्या घरात सगळ्यांना बरंच वाटलं होतं. हे आधीच सांगून टाकते. पुढचं सांगण्याच्या नादात ते सोयीस्करपणे विसरायला होईल.

काका म्हणजे वन्संच्या शाळेतले कारकून. वर्गांच्या, प्रयोगशाळेच्या, गच्चीच्या सगळ्या किल्ल्यांचा जुडगा त्यांच्या कमरेला असे, म्हणून हे नाव. आणि वन्सं म्हणजे माझ्या यजमानांची थोरली बहीण. लग्न केलं नाही, एकतीस वर्षं भूगोल शिकवला, आणि राहिल्या आमच्याबरोबरच. राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक आली तेव्हा शाळेतल्या मतदान केंद्राच्या प्रमुख म्हणून त्यांची नेमणूक झाली. छत्री आणि शिडी ही दोन मोठ्या उमेदवारांची चिन्हं. बाईंच्या केंद्रावर गडबड व्हायची नाही, असं छत्रीवालेही म्हणत आणि शिडीवालेही. त्या वर्षी दोन्ही बाजूंचं एकमत झालेली तेवढी एकच गोष्ट असेल.

निकाल लागला. साऱ्या देशात मिळून छत्री दोन हजारांच्या आतल्या फरकाने निवडून आली आणि शिडीवाले न्यायालयात गेले. सहा केंद्रांवरच्या मतपत्रिका पुन्हा तपासायचा हुकूम झाला. त्या सहांत आमचं केंद्र होतं. न्यायालयात पोतं उघडलं तर छत्रीच्या चारशे बारा मतपत्रिका, आणि एकूण एक मतपत्रिकेवर वरच्या उजव्या कोपऱ्यात निळ्या पेन्सिलीची बारीकशी खूण. शिडीच्या मतपत्रिका कोऱ्या, म्हणजे मतदाराच्या शिक्क्याखेरीज काहीच नाही.

कायदा असा की मतपत्रिकेवर शिक्क्याशिवाय दुसरी काहीही खूण सापडली तर ते मत बाद. शिडीवाले म्हणाले, खऱ्या मतपत्रिका काढून कुणीतरी मागाहून खोट्या भरल्यात आणि भरताना मोजणी चुकू नये म्हणून खुणा केल्यात. छत्रीवाले म्हणाले, आमची खरी मतं बाद व्हावीत म्हणून कुणीतरी मागाहून खुणा केल्यात. दोघांच्याही बोलण्यात 'कुणीतरी' होतं आणि 'मागाहून' होतं. पोतं शाळेच्या लोखंडी दाराच्या खोलीत अकरा दिवस पडून होतं आणि त्या दाराची किल्ली एकाच कमरेला होती.

त्यात काकांनी स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेतला होता. त्या अकरा दिवसांत खोलीतला नळ गळायला लागला. पोतं भिजेल म्हणून त्यांनी ते एकट्यानेच उचलून वरच्या फळीवर ठेवलं आणि त्या ओढाताणीत लाखेचं सील तडकलं. वहीत नोंद नाही, कुणाला सांगणं नाही. विचारल्यावर म्हणाले, पाणी पुसलं, पोतं कोरडं राहिलं, त्यात सांगायचं काय?

वन्संनी प्रतिज्ञापत्र दिलं होतं. मोजणी करून मी मतपत्रिका बांधल्या तेव्हा त्यांवर मतदाराच्या शिक्क्याखेरीज कोणतीही खूण नव्हती, असं शपथेवर. वन्सं खोटं बोलत नाहीत हे सगळ्या गावाला ठाऊक, तेव्हा उरलं कोण?

घरी जेवताना दुसरा विषय नसे. आमच्या यांना प्रत्येक गोष्टीचा वास येई. काकांचा मेहुणा शिडीवाल्यांच्या सभेत खुर्च्या मांडत होता म्हणे. काकांनी परवाच डोळ्यांचं ऑपरेशन करून घेतलं, ते कसं जमलं? मी म्हटलं, अहो, मोतीबिंदू होता. तर म्हणाले, हो, पण आताच कसा पिकला?

वन्सं यात बोलत नसत. एकदाच म्हणाल्या, "दहा वर्षं त्या माणसाच्या हातून मी प्रश्नपत्रिकांच्या पेटीची किल्ली घेतली. कधी मोजून घेतली नाही." आणि ताटातला घास तसाच ठेवून उठल्या.

त्यांना वाईट वाटतंय असं मला वाटलं. मग वाटलं, वाईट वाटतंय की भीती? एकदा मनात आलं की जात नाही. मोजणीच्या संध्याकाळी त्या घरी आल्या तेव्हा त्यांच्या बोटाला निळा डाग होता, तो मी पाहिला होता. मोजणीसाठी निळ्या पेन्सिली सरकारनेच दिल्या होत्या, डाग पडणारच. पण वन्सं मनाने छत्रीच्या, हेही घरात सगळ्यांना ठाऊक होतं. मी त्यांच्या खोलीत केर काढताना जरा जास्तच रेंगाळायला लागले. एकदा त्यांची पर्स उचलून बाजूला ठेवत होते, तर दारातून आवाज आला, "काही हवंय का?" मी म्हटलं, केर काढतेय. "पर्समध्ये?" त्या म्हणाल्या. त्यानंतर त्यांची पर्स कपाटात जाऊ लागली. अठरा वर्षं एका ओट्यावर स्वयंपाक केला, आणि आता आम्ही दोघी एकमेकींच्या हातांकडे बघत होतो.

गुरुवारच्या वर्तमानपत्रात त्या खुणेचा फोटो आला, तळहाताएवढा मोठा करून. बरोबरची खूण असते तशी, पण शेपूट वर जाऊन परत आत वळलेलं, आणि खाली एक ठिपका. 'हा हात कुणाचा?' असा मथळा. काकांना सोमवारी चौकशीला बोलावल्याची बातमी त्याच्याच शेजारी. त्या दिवशी त्यांच्यावर रीतसर आरोप ठेवतील आणि मग घरी परत पाठवणार नाहीत, असं हे म्हणाले.

मी फोटो पाहिला, पाहून घडी घातली. मला काही ओळखू आलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी नेहमीप्रमाणे दिवा लावून पाठाला बसले. माझ्या पाठाची पोथी चौसष्ट पानांची आहे. रोज ती संपल्याशिवाय मी बोलत नाही, पाणीही घेत नाही. जुनी पोथी फाटली तेव्हा वन्संनीच ती नव्याने बांधून आणून दिली होती. पहिलं पान उघडलं आणि कोपऱ्यात ती दिसली. शेपूट आत वळलेलं, खाली ठिपका.

पान उलटलं. दुसऱ्यावर होती. तिसऱ्यावर होती. बांधणाऱ्याकडून एखादं पान राहिलं नाही ना, हे वन्संनी पाहून घेतलं असणार. सहा वर्षं मी रोज ती पानं उलटत होते, रोज डोळ्यांसमोर होती, आणि एकदाही दिसली नव्हती. आता अक्षरं दिसेनात, खूणच दिसायला लागली. पाठ अर्धा सोडून उठता येईना आणि पुढे वाचवेना. तोंडाने म्हणत राहिले. चौसष्टाव्या पानापर्यंत पोचले तेव्हा घसा कोरडा पडला होता आणि कशासाठी काय म्हटलं ते देवालाच ठाऊक.

वन्सं शाळेत गेल्या होत्या. मी फ्रिजवरच्या वाणसामानाच्या याद्या काढल्या. विजेची बिलं काढली. औषधाच्या खोक्यातले कागद काढले. सगळीकडे होती.

वाटलं, म्हणजे वन्संनीच. वाटलं, ठरवून केलं आणि त्या बिचाऱ्या माणसाला पुढे केलं. मग वाटलं, ठरवून करणारी बाई विजेच्या बिलावर तीच खूण कशाला करील? आणि छत्रीच्या असून छत्रीचीच मतं बाद का करील? पण मग प्रतिज्ञापत्र खोटं कसं दिलं? डोकं नुसतं भणभणत होतं. दुपारी बसथांब्यावर उभी होते, तर शेजारच्या बाई हसून म्हणाल्या, माळ घरी राहिली वाटतं. पाहिलं तर माझा अंगठा बोटांच्या पेरांवरून एकसारखा फिरत होता. मी जप करत नव्हते. मी वन्संचा विचार करत होते. हात आपला आपण चालला होता.

त्या संध्याकाळी जेवणाच्या टेबलावर मी याद्या मांडल्या, वर पोथी ठेवली, शेजारी वर्तमानपत्र. हे बाहेर गेले होते. वन्सं आल्या, चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला.

"हे काय आहे?"

"वन्सं, तुम्हीच बघा."

बराच वेळ त्या एकेक कागद उचलून खाली ठेवत राहिल्या. चेहरा हळूहळू राखेसारखा झाला. मग म्हणाल्या, "म्हणजे मी चोर, असं म्हणायचंय तुला."

"नाही. तुम्हाला माहीतच नव्हतं, असं म्हणायचंय."

"मला माहीत नव्हतं. माझ्या हाताने चारशे बारा वेळा केलं आणि मला माहीत नव्हतं. हे कोर्टात सांगू? तूच ऐकून बघ कसं वाटतं ते." आणि खोलीत जाऊन दार लावून घेतलं.

शनिवारी सकाळी पाठाला बसले आणि हातातली पोथी पडता पडता राहिली. पहिल्या पानावर खूण नव्हती. कोपरा पांढरा, जरा खरवडलेला. दुसऱ्यावर नाही, तिसऱ्यावर नाही. रात्रीतून कुणी खोडलं हे विचारायची गरज नव्हती. माझ्या देवाच्या पुस्तकाला त्यांनी पुरावा म्हणून हात लावला होता. वाचत होते, आणि मनात नको नको ते येत होतं. म्हटलं, सोमवारी काका आत जातील, मंगळवारी वन्सं शाळेत जाऊन नकाशा लावतील, आणि मी रोज ह्यांना गरम पोळी वाढीन.

दहाव्या पानावर खूण होती. पुढे सगळ्यांवर होती.

पाठ संपवून उठले तर वन्सं माझ्या मागेच पाटावर बसलेल्या. केव्हा येऊन बसल्या कळलं नव्हतं. हातात रबर.

"नऊ पानं खोडली," त्या म्हणाल्या. "दहाव्यावर आले आणि वाटलं, चौसष्ट खोडीन, याद्या जाळीन. पण त्याच्या कमरेच्या किल्ल्या त्याला कोण परत देणार?"

मग त्यांनी मला जे सांगितलं ते यांनाही ठाऊक नव्हतं. नोकरी लागली त्या पहिल्या वर्षी एका मुलीच्या उत्तरपत्रिकेतली दोन पानं एकमेकांना चिकटलेली होती. वन्संनी ती तशीच उलटली. मुलगी चार गुणांनी नापास झाली, घरच्यांनी शाळेतून काढली. पानं चिकटलेली होती हे पुढल्या वर्षी रद्दी देताना कळलं. तेव्हापासून हातातून जाईल त्या प्रत्येक कागदाच्या कोपऱ्यावर, पाहिलं, अशी खूण करायची, असं त्यांनी ठरवलं. पहिली दोन-तीन वर्षं ठरवून केली. मग ठरवायची गरज राहिली नाही.

मोजणीच्या दिवशी आधी चिन्हांप्रमाणे गठ्ठे लावले होते. शिडीचा गठ्ठा चित्रकलेच्या सरांनी मोजला, छत्रीचा मोठा म्हणून वन्संनी स्वतः घेतला. उमेदवारांची माणसं दोरीपलीकडे दोन हातांवर बसलेली. आकडे लिहायला पेन्सिल तर सगळ्यांच्याच हातात होती.

यांना सांगितलं तेव्हा घर डोक्यावर घेतलं. चारशे बारा माणसांनी रांगेत उभं राहून दिलेली मतं तू स्वतःच्या तोंडाने बाद करणार, वर खोटी शपथ घेतली म्हणून तुझ्यावरच खटला, आणि हे सगळं कुणासाठी, ज्याचा मेहुणा खुर्च्या मांडतो त्याच्यासाठी? निवडणूक कार्यालयाच्या वकिलांनीही फोनवर तेच सांगितलं, फक्त हळू आवाजात. बाई, कुणी विचारलेलं नाही, तर सांगू नका. वन्संनी ऐकून घेतलं आणि सोमवारी नऊ वाजता रिक्षा बोलवायला सांगितली. रिक्षात मी शेजारी बसले. रस्ताभर त्या उजवा हात डाव्या हाताने धरून होत्या.

न्यायालयाची खोली शाळेच्या वर्गाहून फार मोठी नव्हती. पंख्याचा आवाज मात्र मोठा. काका मागच्या बाकावर बसले होते. कमरेला किल्ल्या नाहीत, त्यामुळे माणूस अर्धाच वाटत होता. आमच्याकडे त्यांनी एकदा पाहिलं आणि मग भिंतीकडे.

वन्संनी सगळं सांगितलं. मी याद्या आणि पोथी दिली. शिडीचे वकील उंच, गोड बोलणारे. ते म्हणाले, याद्या काल लिहिता येतात, पोथीत परवा खुणा करता येतात, आणि नऊ पानांवरच्या तर खोडलेल्याही दिसतात. बाईंबद्दल मला आदर आहे. म्हणूनच विचारावंसं वाटतं, की आज अचानक ही आठवण त्यांना कुणी करून दिली?

न्यायमूर्तींनी शंभर कोरे कागद मागवले. निळी पेन्सिल मागवली. म्हणाले, बाई, मोजून दाखवा.

वन्संनी पेन्सिल धरली. सगळी खोली त्यांच्या बोटांकडे बघत होती, आणि त्याही बघत होत्या. एक, दोन, तीन. कागद उलटत गेले. शंभर झाले. एकाही कोपऱ्यावर काही नव्हतं.

मागे कुणीतरी हसलं. वकील म्हणाले, "हात आज विसरलेला दिसतो." आमच्या मागोमाग हेही आले होते, त्यांनी मान खाली घातली. मी देवाचं नाव घ्यायचा प्रयत्न केला, तर तेही आठवेना. मला काकांचं तोंड दिसत होतं. त्यांना वाटत असणार, हाही काहीतरी डाव आहे, आपल्याला आणखी खोल ढकलायचा.

मग वकिलांचं भाषण सुरू झालं. ते लांबलं. तोवर कोर्टाच्या कारकुनाने वन्संच्या जबानीचे टाईप केलेले कागद आणून त्यांच्यापुढे ठेवले. अकरा पानं. वाचायची आणि प्रत्येक पानाच्या खाली सही करायची, अशी तिथली पद्धत. वन्सं वाचू लागल्या. तिसऱ्या पानावर काहीतरी चुकीचं टाईप झालं असावं, त्यांच्या कपाळाला आठी पडली. ती आठी मी ओळखते. त्या आता कोर्टात नव्हत्या, गठ्ठ्यात होत्या. खाली सही, पान उलट. खाली सही, पान उलट.

न्यायमूर्ती वकिलांकडे बघत नव्हते.

"बाई, हात तिथेच थांबवा," ते म्हणाले.

वन्सं दचकल्या. सहीचं पेन सातव्या पानाच्या वरच्या उजव्या कोपऱ्यावर टेकलेलं होतं. शेपूट आत वळलं होतं, ठिपका द्यायचा राहिला होता. मागच्या सहा पानांवर ठिपक्यासकट होतं. न्यायमूर्तींनी पानं मागून घेतली, मतपत्रिकांच्या शेजारी ठेवली, मग दोन्ही वकिलांकडे सरकवली. पंखा फिरत राहिला. शिडीच्या वकिलांनी पानं पाहिली आणि भाषण कुठे थांबलं होतं हे त्यांना पुन्हा सापडलं नाही.

काकांविरुद्ध काही उरलं नाही, ते त्याच दिवशी सुटले. सील तडकल्याची नोंद केली नाही म्हणून ताकीद मिळाली तेवढी. चारशे बारा मतं धरायची की बाद करायची, हा निकाल राखून ठेवलाय. तो अजून लागायचाय. वन्संना चुकीचं प्रतिज्ञापत्र दिल्याबद्दल नोटीस आली आहे आणि निवडणुकीच्या कामावरून कायमचं काढलंय. पेठेतले छत्रीवाले आता आम्हाला बघून रस्ता ओलांडतात. शिडीवाले म्हणतात, कोर्टातलं ते नाटक फार छान बसवलं होतं. आमच्या यांनाही एकदा विचारावंसं वाटलं असावं. रात्री दिवा मालवता मालवता म्हणाले, "ताईला खरंच माहीत नव्हतं ना गं?" मी नाही म्हटलं. पण त्यांनी विचारण्याआधी मीही तो प्रश्न स्वतःला पुष्कळदा विचारला होता, हे त्यांना सांगितलं नाही.

काका कामावर रुजू झाले त्या सकाळी वन्संनी मला सोबत यायला सांगितलं. काका आपल्या टेबलापाशी होते, जुडगा कमरेला. वन्संनी काय बोलायचं ते घरी ठरवलं असणार, पण तिथे एवढंच म्हणाल्या, "नकाशांच्या कपाटाची किल्ली हवी होती."

काकांनी जुडग्यातून किल्ली काढली. मग टेबलाच्या खणातून एक नवीकोरी वही काढून उघडली. दिनांक, वेळ, किल्ली कोणती, सही. पूर्वी अशी वही नव्हती.

"आता सगळ्यांचीच सही घेतो," ते म्हणाले. "तुम्हीही मोजून घ्या. एक किल्ली आहे."

वन्संनी किल्ली तळहातावर घेऊन पाहिली, खरंच मोजल्यासारखी. वाकून सही केली. आणि पेन उचलता उचलता हात पानाच्या उजव्या कोपऱ्याकडे गेला, वळला, ठिपका देऊन थांबला. मग त्यांना दिसलं. कानापर्यंत लाल झाल्या. पर्समध्ये रबर शोधू लागल्या, पण ते शाईचं पेन होतं.

काकांनी वही आपल्याकडे ओढून घेतली, खूण नीट निरखली आणि मिटली.

"राहू द्या, बाई," ते म्हणाले. "या वेळी निदान माझ्यासमोर केलीत."